वॉटर-फेड पोलने काचसफाई : सुरुवातीची साधने निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील बंगले, शोरूम, शाळा आणि दवाखाने यांच्या काचा धुण्याचे काम मी करतो. या कामात नव्याने उतरू पाहणारे अनेक जण भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पोलविषयी असतो: किती फुटांचा घ्यावा, कार्बनचा की फायबरचा? माझ्या मते हा तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा आपल्याला मिळणाऱ्या इमारतींचा. म्हणून खालील उत्तरेही साधारण त्याच क्रमाने दिली आहेत.

वॉटर-फेड पोल म्हणजे नेमके काय?

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा हलका पोल, टोकाला मऊ ब्रश, पोलच्या पोकळीतून वर गेलेली बारीक नळी आणि ब्रशमध्ये बसवलेले दोन किंवा चार जेट, म्हणजे पाणी सोडणारी बारीक तोंडे, एवढीच मूळ रचना असते. जमिनीवर उभे राहून ब्रशने काच घासायची, त्याच पाण्याने ती खंगाळायची आणि ओली तशीच सोडून द्यायची. वायपर मारायचा नाही आणि कापडानेही पुसायचे नाही. पाण्यात क्षारच नसल्यामुळे ते वाळल्यावर काचेवर काही उरत नाही. ब्रिटनमध्ये उंचीवरील कामांचे नियम २००५ मध्ये लागू झाले आणि त्यानंतर शिडीऐवजी जमिनीवरून काम करण्याकडे तेथील काचसफाईचा धंदा मोठ्या प्रमाणावर वळला. आपल्याकडे मात्र दोन मजली बंगल्याची काच पुसण्यासाठी अजूनही एखाद्या मुलाला शिडीवर चढवतात किंवा छज्जावर उभे करतात. त्याच्या पायाखाली वीतभर रुंदीचा ओला छज्जा असतो आणि एक हात बादलीत अडकलेला असतो. हे थांबावे असे मला मनापासून वाटते, आणि या साधनाची शिफारस करण्यामागे माझे पहिले कारण तेच आहे.

नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट का वापरू नये?

याचे उत्तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिळते. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर तो कोरडा पुसून घ्यावा, एका जागी बोअरच्या पाण्याचे दोन-तीन थेंब ठेवावेत आणि शेजारी गाडीच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचे तेवढेच थेंब ठेवावेत. पंखा लावून अर्धा तास थांबावे. बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरे कडे उमटलेले दिसेल. त्याची कडा जाड असते आणि नख फिरवले तर किंचित खरखर लागते. बॅटरीच्या पाण्याचा थेंब कुठे होता ते शोधावे लागेल. उन्हात तापलेल्या काचेवर नेमके हेच घडते. फरक इतकाच की तेथे थेंब हजारो असतात आणि ग्राहक रस्त्यावरून वर पाहत असतो.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण टीडीएस या मापाने मोजतात. ८०० टीडीएसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत सवलत दिलेली आहे. त्यामुळे पिण्यास योग्य असलेले पाणी काचेलाही योग्य असेल असे समजू नये. काचेसाठी शून्य हे लक्ष्य ठेवावे आणि १० च्या वर गेलेले पाणी वापरू नये. मी स्वतः ५ वरच थांबतो, कारण गडद रंगाच्या, परावर्तित करणाऱ्या काचेवर ८-९ टीडीएसचेही पुसट ठिपके कडक उन्हात मला दिसलेले आहेत.

आमच्या भागातील पाण्याचा टीडीएस किती असेल?

शहराच्या नावावरून अंदाज बांधू नये. काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर घ्यावा आणि मोजावे. या धंद्यातील पहिली खरेदी हीच असावी. ढोबळ चित्र असे की मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या जलाशयांतून आणि पुण्याला खडकवासला साखळीतून मिळणारे महापालिकेचे पाणी बरेच हलके असते, कारण ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे साठवलेले पाणी आहे. बोअरचे पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत आलेले असते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतून भरले यावर सगळे अवलंबून असते. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांत महापालिका, बोअर आणि टँकर अशी तिन्ही पाणी एकाच टाकीत मिसळतात. तेथे ऑगस्टमधील आकडा आणि एप्रिलमधील आकडा यांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. म्हणून मोजमाप एकदा करून भागत नाही. ज्या नळावरून पाणी भरणार आहात त्याचा आकडा दर आठवड्याला वहीत लिहून ठेवावा.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला आहे. ते पाणी चालेल का?

चालणार नाही, आणि हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका शोरूमच्या दर्शनी काचा मी सॉफ्टनरच्या पाण्याने धुतल्या. साबणाला छान फेस येत होता, नळावर खार धरत नव्हता, म्हणून पाणी उत्तम असणार असे मी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावून घेतले. पहिल्या मजल्याची संपूर्ण काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली होती. ती मला पुन्हा, विनामोबदला, धुऊन द्यावी लागली. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो, पण त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतो. पाणी मऊ होते. विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते. मीटर लावला असता तर हे दोन सेकंदांत कळले असते.

सॉफ्टनरचा एक उपयोग मात्र आहे. पुढे आरओ बसवणार असाल तर आधी मऊ केलेल्या पाण्यामुळे त्याच्या मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यावर, चुन्याचा थर बसत नाही आणि मेंब्रेन जास्त टिकते.

मग घरच्या आरओचे पाणी?

घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय किंवा खनिजांचे काडतूस असते, त्यामुळे नळीतून येणारे पाणी बहुधा ५० ते १५० टीडीएसचे असते. ते शेवटच्या खंगाळणीला चालत नाही. शिवाय या यंत्राचे ८० जीपीडी, म्हणजे दिवसाला ८० गॅलन क्षमतेचे, मेंब्रेन ताशी साधारण १२ लिटर पाणी देते. म्हणजे ६० लिटर पाण्यासाठी पाच तास लागतात. केवळ प्रयोग करून पाहायचा असेल तर औद्योगिक वसाहतींत डीएम पाणी या नावाने मिळणारे क्षारविरहित पाणी कॅनमध्ये विकत आणावे. दोन-चार खिडक्या धुऊन पद्धत आपल्याला जमते का, हे पाहण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

फक्त रेझिन घ्यावे की आरओ आणि रेझिन दोन्ही?

सुरुवातीच्या खरेदीतील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो मीटरवरील आकड्यावरून घ्यावा. मिश्र रेझिनमध्ये दोन प्रकारचे बारीक मणी असतात. एक प्रकार पाण्यातील धन आयन पकडतो, दुसरा ऋण आयन पकडतो आणि त्यांच्या बदल्यात जे सुटते त्याचे पाणीच बनते. हे मणी कधीतरी भरतात. चांगल्या प्रतीचे नवे एक लिटर रेझिन ढोबळमानाने २० ते २५ ग्रॅम क्षार पकडते, असे धरून हिशेब करावा.

समजा आपल्याकडे २५ लिटर रेझिनचे वेसल, म्हणजे रेझिन भरलेले बंद भांडे, आहे आणि प्रत्येक लिटर २० ग्रॅम क्षार पकडते. म्हणजे एकूण ५०० ग्रॅम. नळाचे पाणी १०० टीडीएसचे असेल तर हे रेझिन सुमारे ५,००० लिटर पाणी शुद्ध करील. दिवसाला १०० लिटर वापरणाऱ्या एकट्या माणसाला ते ५० कामाचे दिवस पुरेल. तेच पाणी १,००० टीडीएसच्या बोअरचे असेल तर ५०० लिटरमध्ये, म्हणजे पाच दिवसांत रेझिन संपेल आणि धंदा रेझिन विकणाऱ्यासाठी चालवल्यासारखा होईल. आता त्याच बोअरच्या पाण्याला आधी आरओ लावला आणि त्याने ९५ टक्के क्षार काढले, तर रेझिनपर्यंत ५० टीडीएसचे पाणी पोहोचते आणि तेच वेसल १०,००० लिटरपर्यंत जाते.

यावरून माझा सल्ला असा : मूळ पाणी १५० च्या खाली असेल तर केवळ रेझिनवर सुरुवात करावी. ते साधे आहे, वीज लागत नाही आणि पाणी वाया जात नाही. १५० ते ३०० च्या दरम्यान काम किती मिळते ते पाहून ठरवावे. ३०० च्या वर आरओ टाळू नये. आरओ घेताना सेडिमेंट फिल्टर आणि कार्बन फिल्टर आधी असलेच पाहिजेत, कारण महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन मेंब्रेन खराब करतो. ४०४० मापाचे, म्हणजे चार इंच व्यासाचे आणि चाळीस इंच लांबीचे मेंब्रेन योग्य दाबाच्या पंपावर ताशी दोनशे लिटरच्या आसपास पाणी देते. एका माणसाच्या कामाला ते भरपूर आहे. बाहेर पडणारे रिजेक्ट पाणी गटारात सोडू नये. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीसमोर तसे करणे मला योग्य वाटत नाही. ते वेगळ्या पिंपात साठवून आवार किंवा गाड्या धुण्यास द्यावे.

रेझिन संपत आल्याचे कसे ओळखावे?

वेसलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस रोज काम सुरू करताना मोजावा. वेसल रात्रभर बंद राहिल्यास पहिले एक-दोन लिटर पाणी जास्त आकडा दाखवू शकते. ते सोडून द्यावे आणि मग मोजावे. आकडा ० वरून १, २ असा हलू लागला की नवे रेझिन मागवावे, कारण त्यानंतर तो फार वेळ थांबत नाही. पूर्ण संपलेल्या रेझिनला कधी कधी मासळीसारखा वास येतो.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून टीडीएस दाखवतो. सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, पाण्यात विरघळलेला असला तरी त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिन थकू लागले की सर्वांत आधी निसटते ती सिलिकाच. बोअरच्या पाण्यावर काम करताना मीटर १ दाखवत असूनही काचेवर धुरकट पापुद्रा राहू लागला, तर स्वतःच्या हाताला दोष देण्यापूर्वी रेझिन बदलून पाहावे. रेझिन वाळू देऊ नये आणि उन्हात ठेवू नये. वापरलेले मिश्र रेझिन घरी आम्ल आणि कॉस्टिक घालून पुन्हा चालू करण्याचे प्रयोग करू नयेत. त्यासाठी दोन्ही प्रकारचे मणी आधी वेगळे करावे लागतात आणि ते कारखान्याचेच काम आहे.

एका कामाला किती पाणी लागते आणि ते न्यायचे कसे?

ब्रशमधून मिनिटाला दीड ते दोन लिटर पाणी पुरेसे असते. वीस खिडक्यांच्या बंगल्यात प्रत्यक्ष पाणी चालू असण्याचा वेळ अर्धा-पाऊण तास धरला तर ४५ ते ९० लिटर पाणी लागते. पहिल्यांदाच धुतल्या जाणाऱ्या काचांना त्याच्या दीडपट धरावे.

ग्राहकाच्या आवारात दाब असलेला नळ असेल आणि त्याचा टीडीएस कमी असेल, तर नळ, रेझिनचे वेसल, पाइप आणि पोल अशी सरळ जोडणी करता येते. पंपही लागत नाही. मात्र गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला तळमजल्यावर जेमतेम दाब असतो, आणि पहिल्या मजल्याच्या काचेपर्यंत ते धारेने पोहोचत नाही. दहा मीटर वर चढताना पाण्याचा सुमारे एक किलो दाब खर्च होतो, हे लक्षात ठेवावे. म्हणून बहुतेकांना टाकी आणि बारा व्होल्टचा डायफ्राम पंप लागतोच. दुचाकीवर सुरुवात करणाऱ्याने पाठीवरचा २० लिटरचा पंप घ्यावा आणि शुद्ध पाण्याचे कॅन वेगळे न्यावेत. छोटा हत्ती किंवा तत्सम टेम्पो असेल तर २०० ते ३०० लिटरची टाकी सोयीची पडते. पाण्याचे वजन लिटरला एक किलो असते आणि अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लावताना पुढे धावते. टाकी नुसती दोरीने बांधून भागत नाही. ती चेसिसला बोल्टने आवळलेली आणि आत आडवे पडदे असलेली असावी.

शेतीचा बॅटरीवरचा फवारणी पंप वापरता येईल का?

येईल, आणि सुरुवातीसाठी मला तो चांगला पर्याय वाटतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे हे पंप महाराष्ट्रात तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत मिळतात, सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारा माणूसही मिळतो. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांचा दाब पुरतो. नोझलची दांडी काढून तेथे पोलच्या नळीची जोडणी करावी लागते. अट एकच : पंप नवाच असला पाहिजे. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेला जुना पंप कितीही धुतला तरी वापरू नये. त्याचे अंश टाकीच्या कडांत आणि नळीत राहतात, आणि आपण ते पाणी कुणाच्या तरी घराच्या खिडकीवर, बाल्कनीतल्या तुळशीवर उडवणार असतो.

पोल किती फुटांचा घ्यावा?

आपल्याकडील घरांचा एक मजला साधारण दहा फुटांचा धरतात. दोन फुटांचे जोते धरले तर पहिल्या मजल्याच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सुमारे १९ फुटांवर आणि दुसऱ्या मजल्याची सुमारे २९ फुटांवर येते. पोल कमरेच्या उंचीवर धरला जातो, त्यामुळे तीन फूट मिळतात. तो तिरका ठेवावा लागतो, त्यामुळे एक-दीड फूट जातो. म्हणजे वीस फुटांच्या पोलने पहिला मजला आरामात होतो आणि दुसऱ्या मजल्याला तीस फूट लागतात.

पहिला पोल २० ते २५ फुटांचाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. पुढे जोडता येतील असे तुकडे त्याच उत्पादकाकडे मिळतात का, एवढे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. चाळीस फुटांचा पोल दुकानात दोन्ही हातांनी उचलून पाहिला की हलका वाटतो. उघडून उभा केला, ब्रशमध्ये पाणी भरले आणि वारा सुटला की तो वाकतो, डोलतो आणि खांदे भरून येतात. शिवाय लहान कामासाठीही त्याचा जाड बुंधा दिवसभर हातात धरावा लागतो. चौथ्या-पाचव्या मजल्यावरचे काम सुरुवातीला नम्रपणे नाकारावे. त्याहून उंच इमारती गोंडोला, म्हणजे टांगता पाळणा, किंवा दोरावरून काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांच्या असतात.

ॲल्युमिनियम, ग्लास फायबर की कार्बन फायबर?

ॲल्युमिनियम स्वस्त असते, पण त्याचा पोल लांब झाला की जड होतो आणि ठेचला गेल्यास सरकेनासा होतो. पंधरा फुटांच्या आत, दुकानांच्या दर्शनी काचांसाठी तो ठीक आहे. ग्लास फायबर मधला मार्ग आहे : दणकट, परवडणारा, पण वीस फुटांपलीकडे लवचीक. पोल लवचीक असला की खाली लावलेला जोर वरच्या ब्रशपर्यंत पोहोचत नाही आणि काचेऐवजी पोलच हलत राहतो. कार्बन फायबर हलका आणि ताठ असतो आणि रोज काम करणाऱ्याने शेवटी त्याकडेच जावे. कार्बन आणि ग्लास यांच्या मिश्रणाचे पोलही मिळतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस काम असेल तर ते पुरेसे आहेत.

साहित्यापेक्षाही क्लॅम्प, म्हणजे पोलच्या नळ्या जागेवर आवळून धरणारे चाप, नीट पाहावेत. पोल दोन भाग उघडून उभा करावा, क्लॅम्प आवळावा आणि वरून दाबावा. भाग खाली घसरत असेल तर तो पोल घेऊ नये. सुटे क्लॅम्प मिळतात का, हेही विचारावे, कारण पोल मोडण्याआधी क्लॅम्प झिजतात.

ब्रश आणि जेट कसे निवडावेत?

दहा ते चौदा इंचांमधील, मऊ नायलॉनच्या केसांचा, हलका ब्रश घ्यावा. केसांची टोके फुलवलेला ब्रश नाजूक काचेवर आणि नियमित धुतल्या जाणाऱ्या खिडक्यांवर छान चालतो. साध्या टोकांचा ब्रश पहिल्या धुलाईला आणि चिकटलेल्या धुळीला बरा. सुरुवातीला एकच घ्यायचा असेल तर साध्या टोकांचा घ्यावा. डुकराच्या केसांचे ब्रश तेलकट काजळी उत्तम काढतात, परंतु ते महाग असतात आणि अनेक ग्राहकांना घरावर ते चालणार नाहीत, हे आधी विचारात घ्यावे.

जेट दोन प्रकारचे असतात. बारीक सरळ धार सोडणारे पेन्सिल जेट आणि पंख्यासारखे पाणी पसरवणारे फॅन जेट. काचेवर पाण्याचा सलग पडदा धरत असेल तर फॅन जेट भराभर खंगाळतात. पाण्याचे मणी होऊन विखुरत असतील तर पेन्सिल जेटने, ब्रश काचेवरून थोडा उचलून, वरून खाली सावकाश खंगाळावे. बहुतेक ठिकाणी दोन पेन्सिल जेटवर काम भागते. ब्रश हवा त्या कोनात वळवणारा सांधा, ज्याला आम्ही मान म्हणतो, तो मात्र चांगल्या प्रतीचा असावा.

पाइप आणि जोडण्या?

६ किंवा ८ मिलिमीटर आतील व्यासाचा, मुरड न पडणारा ५० मीटर पाइप पुरतो. रंग भडक असावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो आणि पाय अडकत नाही. पोलच्या तळाशी, हाताच्या टप्प्यात एक कॉक असणे आवश्यक आहे. एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना पाणी बंद करता आले नाही तर टाकीतील तिसरा हिस्सा पाणी जमिनीवरच जाते. आरओच्या दुकानांत मिळणाऱ्या दाबून बसवण्याच्या जोडण्या येथे चालतात, त्यामुळे या बाबतीत आयात मालावर खर्च करण्याची गरज नाही.

खिडक्यांना ग्रिल आणि कबुतरांची जाळी असेल तर?

तर हे साधन तेथे चालत नाही, आणि ग्राहकाला ते आधीच स्पष्ट सांगावे. शहरांतील फ्लॅटच्या खिडक्यांना बाहेरून लोखंडी ग्रिल असते, त्यात कुंड्या असतात, त्यावर नायलॉनची जाळी असते. ब्रश काचेपर्यंत पोहोचतच नाही. परदेशी चित्रफिती पाहून साधने घेणाऱ्यांची येथे मोठी निराशा होते. म्हणूनच पोल घेण्यापूर्वी आपल्या परिसरात आठवडाभर मान वर करून फिरावे आणि उघड्या काचांच्या इमारती मोजाव्यात : बंगले, रो-हाउस, मंगल कार्यालये, बँका, वाहनांची शोरूम, शाळा, दवाखाने, काचेच्या दर्शनी भागाची कार्यालये.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत आणखी एक अडचण असते. त्यांच्या खालच्या रुळातील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे धुळीने बुजलेली असतात आणि पाणी आत, थेट पडद्यांवर किंवा पलंगावर उतरते. काम सुरू करण्यापूर्वी घरच्यांना सर्व झडपा लावून घेण्यास सांगावे, आतून एकेक खिडकी तपासावी आणि पहिल्या खिडकीवर पाणी कमी ठेवून सुरुवात करावी.

सिमेंटचे शिंतोडे आणि जुने पांढरे डाग या पाण्याने जातील का?

नाहीत. शुद्ध पाणी धूळ, काजळी, कोळिष्टके आणि भिजवल्यावर कबुतरांची विष्ठा काढते. सिमेंट, रंग आणि सिलिकॉन जवळून, हाताने काढावे लागतात. वर्षानुवर्षे बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर बसलेला क्षारांचा थरही तसाच राहतो. त्यासाठी सौम्य आम्लाची रसायने मिळतात, ती एका कोपऱ्यात करून पाहून मगच वापरावीत. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेल्या रसायनांच्या वाटेला मुळीच जाऊ नये, ती काच आणि माणूस दोघांनाही जाळतात.

विजेच्या तारांचे काय?

या एका बाबतीत माझ्याकडे तडजोड नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम या दोन्हींतून वीज वाहते. ग्लास फायबर कोरडा असताना वाहक नसला तरी धुळीचे पाणी वरून ओघळत असताना त्यावर विसंबता येत नाही. अनेक गावांत आणि उपनगरांत बंगल्याच्या कुंपणालगत उघड्या तारा गेलेल्या असतात. पूर्ण उघडलेला पोल कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही आणि वर आणखी काही मीटर अंतर उरेल, अशाच जागी तो उघडावा. तसे अंतर मिळत नसेल तर त्या बाजूची काच सोडून द्यावी, किंवा ग्राहकामार्फत वीज कंपनीकडून पुरवठा रीतसर बंद करून घेऊन मगच काम करावे. पोल नेहमी मिटलेला असताना उभा करावा, मग उघडावा, आणि हलवताना पुन्हा मिटवावा. खाली ओल्या फरशीवर कुणी घसरू नये म्हणून शंकू किंवा दोरी लावून जागा अडवावी.

हीच साधने सोलर पॅनेलसाठी वापरता येतात का?

येतात. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यानंतर घरांच्या छपरांवर पॅनेल वाढत आहेत आणि बोअरच्या पाण्याने धुतलेल्या पॅनेलवरही तेच पांढरे थर बसत आहेत. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, पॅनेल गार असतानाच धुवावीत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते. तडा गेलेल्या पॅनेलला किंवा उघड्या जोडणीला पाणी लावू नये. गच्चीच्या कठड्याजवळ उभे राहून पोल हाताळणे ही उंचीवरचीच जोखीम आहे, हेही विसरू नये.

पैसे थोडे असतील तर कुठे घालावेत?

दहा रुपये असतील तर चार पाण्यावर, तीन पोलवर, एक ब्रश आणि मानेवर, आणि उरलेले दोन पंप, पाइप व टाकीवर घालावेत, असे माझे प्रमाण आहे. पोल जुना घेतला तरी चालतो, टाकी जुनी चालते. रेझिन जुने घेऊ नये. दसरा-दिवाळीच्या आधी साफसफाईची मागणी एकदम वाढते, म्हणून खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये करावी आणि पावसाच्या उघडिपीत हात बसवून घ्यावा.

पैसे घेऊन पहिले काम करण्याआधी सराव कसा करावा?

स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घराची एकच खिडकी घ्यावी. आधी वरची चौकट घासून खंगाळावी, मग काच घासावी, मग ब्रश उचलून वरून खाली खंगाळावे, आणि हात न लावता निघून जावे. काम संध्याकाळी करावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-साडेसातच्या तिरप्या उन्हात, काचेच्या बाजूला उभे राहून पाहावे. ठिपके सर्वत्र सारखे पसरलेले असतील तर पाण्याचा टीडीएस पुन्हा मोजावा. वरच्या कडेपासून खाली ओघळ आलेले असतील तर चौकटीतील मळ पूर्ण निघालेला नाही. केवळ खालच्या कडेला मळकट रेघ असेल तर खंगाळताना घाई झाली आहे. तीच खिडकी पुन्हा धुवावी आणि तिन्ही खुणा नाहीशा झाल्या की शेजारच्या बंगल्याचे दार वाजवावे.